पक्ष्याच्या कडेने

मी एक जुना सरावाचा तुकडा आहे, मित्रांनो. रजई म्हणवून घ्यायची माझी ऐपत नाही. आकार उशीच्या अभ्र्याएवढा. वरचे कापड जुन्या पडद्याचे, खालचे फाटक्या चादरीचे, आणि मध्ये विटलेल्या ब्लँकेटचा एक थर. माझ्या मधोमध लाल कापडाचा एक पक्षी कापून लावलेला आहे. त्याची चोच जरा वाकडी आहे, आणि पंखाला सुईची इतकी भोके आहेत की उजेडात धरले तर चाळणीच वाटावी.

ज्या बाईंनी मला घडवले त्यांना मी मावशी म्हणतो, कारण त्यांची भाची त्यांना तशी हाक मारायची. मावशींनी अठ्ठावीस वर्षे शाळेचे गणवेश शिवले होते. सरळ शिवणीत त्यांचा हात धरणारे त्या गल्लीत कोणी नव्हते. त्यांचे यजमान, म्हणजे काका, लोकांना मोटार चालवायला शिकवायचे.

एके दिवशी सकाळी भाची मोठे गाठोडे घेऊन आली. तिची आई, म्हणजे मावशींची थोरली बहीण, तीन महिन्यांपूर्वी वारली होती. गाठोड्यात पलंगभर पसरेल असे एक कापड होते. त्यावर बारा पक्षी होते, कोणी बसलेला, कोणी उडणारा, प्रत्येक वेगळ्या कापडातून कापलेला.

"आईच्या पेटीत सापडलं," भाची म्हणाली. "रजईचा वरचा भाग तेवढा झालाय. मला पुढच्या महिन्यात नोकरीसाठी दुसऱ्या गावी जायचंय. त्याआधी पुरी करून देशील?"

मावशींनी एका पक्ष्याच्या कडेवरून बोट फिरवले. मुंगीएवढे टाके, सगळे हातचे.

"मशीनवर का नाही केलं तिने?" त्या बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

मशीन त्यांच्याच घरात होते ना! ते दोघी बहिणींच्या आईचे होते. आई गेल्यावर, धाकटी शिवणकाम करते म्हणून ते धाकटीकडे आले. थोरली "घेऊन जा" एवढेच म्हणाली, आणि पुढची पाच वर्षे तिने या घराचा उंबरठा ओलांडला नाही. मावशीही तिकडे गेल्या नाहीत.

"दुकानात विचारलं होतं मी," भाची सांगू लागली. "त्यांचं मोठं मशीन सगळीकडे एकच नक्षी काढतं. पक्ष्यांच्या अंगावरूनसुद्धा."

"नको," मावशी म्हणाल्या. "ठेव इथेच."

भाची गेली आणि मावशींना घाम फुटला. मित्रांनो, रजईचे तिन्ही थर एकत्र शिवायचे होते, तेही प्रत्येक पक्ष्याच्या कडेकडेने, आणि अडचण अशी होती. साध्या शिवणीत मशीनचे दाते कापडाला पुढे ढकलतात. बाईने फक्त दिशा धरायची. पण पक्ष्याच्या कडेकडेने, चोच, मान, पंख असे वळत जायचे असेल तर ते दाते खाली करून ठेवावे लागतात. मग कापड आपोआप सरकत नाही. ते दोन्ही हातांनी फिरवावे लागते, आणि टाका लहान पडणार की मोठा हेही हातच ठरवतात. मावशींनी हे जन्मात केले नव्हते. शिवाय बहिणीचे कापड जुने आणि विरलेले. चुकले म्हणून उसवले, तर भोके कायमची राहणार.

म्हणून त्या दुपारी माझा जन्म झाला. पडदा, ब्लँकेट आणि चादर एकावर एक आली, लाल पक्षी बसला, आणि मशीनला रफूचा गोल फूट, म्हणजे सुईभोवती कापड दाबून धरणारी कडी, लागला.

पहिल्या दिवशी माझे जे हाल झाले ते विचारू नका. मावशींचे पाय सवयीने भराभर चालले आणि हात भीतीने जागच्या जागी थांबले, तेव्हा एकाच ठिकाणी टाक्यांचा गोळा झाला. मग त्यांनी हात जोरात ओढले तर बोटभर लांबीचे टाके पडले. सुई पक्ष्याच्या पंखावर चढली, तिथून डोळ्यात घुसली आणि मोडली. माझ्या पोटाखाली दोऱ्याचा एवढा गुंता झाला की मला मशीनवरून सोडवायला कात्री लागली.

काका चहाचा कप घेऊन आले. त्यांनी मला उलटे केले आणि नीट पाहिले. "वर पक्षी, खाली घरटं. काम पूर्ण झालं की."

"अहो, तुम्ही जा बरं इथून."

पण काका गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्टूल घेऊन शेजारी बसले आणि अर्धा तास मुकाट्याने बघत राहिले. मग म्हणाले, "माझी नवी मंडळी पहिल्या दिवशी गाडीच्या नाकाकडे बघतात. मग गाडी नागमोडी जाते. तू सुईकडे बघतेयस. सुई कुठे जाणार आहे, तिकडे बघ."

मावशींनी पुन्हा पाय चालवला. थोड्या वेळाने त्यांची नजर सुईच्या दोन बोटे पुढे गेली, आणि पक्ष्याची पाठ पहिल्यांदा एका वळणात पार पडली.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही दोघे बसू लागलो. कापडावरून बोटे घसरतात म्हणून त्यांनी भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले. पहिल्या दोन दिवसांच्या कामावरही त्यांनी तारखा टाकल्या, आणि पुढे दिवसाचे काम झाले की पक्क्या शाईने माझ्यावर तारीख टाकायच्या. मला वाटायचे, इतकी वर्षे सरळ चाललेल्या माणसाला वळायला शिकवणे हे काही लहानसहान काम नाही, आणि ते माझ्यावर सोपवले आहे.

दहाव्या दिवशी भाची अचानक आली. मावशी हातमोजे घालायला आत गेल्या होत्या. मी मशीनवर पडलेलो. तिने मला उचलले, उलटून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. मावशी बाहेर येताच ती म्हणाली, "मावशी, आईच्या कामाचं असं होणार असेल तर राहू दे. मी तशीच घेऊन जाते."

मित्रांनो, मला त्या वेळी जमिनीने पोटात घ्यावे असे वाटले. पण मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची मागे ओढली. "बस. कोपऱ्यात एक पान काढून दाखव."

भाची बसली. तिचे पान बटाट्यासारखे झाले. दुसरे त्याहून वाईट. ती हसली आणि मग हसता हसता थांबली. हात माझ्यावरच ठेवून हळूच म्हणाली, "आई रागावली नव्हती असं मी म्हणणार नाही. रागावली होती. पण मशीन तू नेलंस म्हणून नाही. तू एकदाही म्हणाली नाहीस, ये, इथे बसून शिव."

मावशींनी माझी दुमडलेली कड सरळ केली.

"मला वाटलं, तिला यायचं असेल तर ती येईल," मावशी म्हणाल्या.

"तिलाही वाटलं, तुला बोलवायचं असेल तर तू बोलावशील."

मावशींनी डोळे पुसले नाहीत. हातमोजे घातलेले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "आठ दिवस दे मला. आणि रोज ये. मोठं कापड एकटीला झेपणार नाही. ते धरायला दुसरं माणूस लागतं."

दुसऱ्या दिवसापासून खरे काम सुरू झाले. मावशी मशीनवर आणि भाची समोर, रजईचा भार दोन्ही हातांत तोलून धरलेली. प्रत्येक पक्ष्याआधी मावशी वीतभर शिवण माझ्यावर घालायच्या. हात मोकळा झाला, दोरा नीट बसतोय असे दिसले, की मला बाजूला ठेवून बहिणीच्या कापडाला सुई लावायच्या. पहिल्या पक्ष्याला पाऊण तास लागला. सहाव्याला वीस मिनिटे. दोघी बोलत काहीबाही, थोरलीबद्दल, तिच्या हट्टांबद्दल, आणि सुई वळणावर आली की गप्प व्हायच्या.

दहाव्या पक्ष्याला घात झाला. सुई कडेवरून सरकली आणि पंखाच्या टोकावर तीन टाके पडले. मावशींनी पाय थांबवला. उसवायची सुई उचलली, मग पुन्हा खाली ठेवली.

"राहू दे," भाची म्हणाली. "आई असती तर दाखवत फिरली असती सगळ्यांना, बघा, हिचंही चुकतं."

मावशी खूप दिवसांनी मोकळ्या हसल्या.

रजई झाली. शेजारपाजारचे बघून गेले, टाक्यांना नावाजून गेले. माझ्याकडे कोणी पाहिले नाही, आणि मी रागावलोही नाही. तालमीला कोण टाळ्या वाजवतो? भाची रजई घेऊन गेली. मी आधी इस्त्रीखाली गेलो, मग तेलाच्या डब्याखाली. पक्ष्यावर गोल डाग पडला. वर्षभर मी तिथेच होतो, आणि खरे सांगायचे तर आता आपले फडके होणार हे मी मनाशी धरून चाललो होतो.

मग एका रविवारी भाचीचा फोन आला. तिने एक जुने मशीन घेतले होते. "मावशी, मला जमतच नाही गं. मी टाकून देणार आहे सगळं."

मावशींनी तिला काही शिकवले नाही. फोन ठेवला, डबा उचलला, मला साबणाने धुतले आणि सावलीत वाळवले. चार दिवसांनी मी टपालाने भाचीच्या खोलीवर पोहोचलो. सोबत चिठ्ठी नव्हती. भाचीने तारखा वाचल्या, पहिल्या दिवसाचा तो गुंता, मग दुसऱ्या दिवसाची पाठ, मग नवव्या दिवसाची मान. बराच वेळ वाचत राहिली. मग तिने खुर्ची पुढे ओढली.

तुमच्याही घरी असा कोणी असेल, मित्रांनो. गिचमिड अक्षरांची वही असेल, करपलेले पहिले भांडे असेल. त्याला लगेच फडके करू नका, अडगळीत टाकू नका. सावलीत वाळवा, घडी घालून ठेवा. तुमच्या मागून कोणाला तरी हे बघायची गरज पडेल की तुम्हालाही आधी येत नव्हते.

आता मी भाचीच्या मशीनशेजारी असतो. तिच्या तारखाही माझ्यावर चढू लागल्या आहेत. एका कोपऱ्यात चार बोटे जागा मात्र तिने कोरी ठेवली आहे. कोणाच्या पहिल्या टाक्यांसाठी, ते तिने मला अजून सांगितलेले नाही.