फणसाचा पाट गाडी बघायला गेला

मित्रांनो, मी गाडी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी एक जुना पाट आहे. फणसाच्या लाकडाचा, हातभर लांब आणि तेवढाच रुंद. पण गेल्या वर्षी आमच्या घरात पहिली गाडी आली, तेव्हा ती कुठली घ्यायची हे ठरवायला मला रत्नागिरीच्या शोरूममध्ये नेलं होतं. पाट काखेत मारून गाडी घ्यायला जाणारं घर तुम्ही कधी ऐकलंय? नाही ना? मग बसा जरा, सगळं सांगतो.

माझा जन्म देवरुखजवळच्या एका वाडीतला. आमच्या घरामागे फणसाचं मोठं झाड होतं. एका वादळात ते आडवं झालं. घरमालक केरूबाबा तेव्हा ऐन तिशीत होते. त्यांनी रामजी सुताराला बोलावलं. रामजीने माझ्यावरून चार दिवस रंधा फिरवला, माझा पिवळाधमक रंग बघून स्वतःच खूश झाला आणि म्हणाला, "केरू, ह्यो पाट गणपतीला ठेव. जेवायला बसायला दुसरा करून देतो." केरूबाबांच्या आईने, येसूबाईंनी, मला खोबरेल चोळलं. खालच्या बाजूला गेरूने 'केरू' असं नाव घातलं. झालं माझं बारसं!

आमच्याकडे गणपतीची मूर्ती दुकानातून उचलून आणत नाहीत. पावसाळा लागला की प्रत्येक घर आपापला पाट गणपतीच्या शाळेत नेऊन देतं. शाळा म्हणजे मूर्तिकाराचा कारखाना, पण आम्ही शाळाच म्हणतो. ज्याच्या पाटावर जी मूर्ती घडेल ती त्याच्या घरी जाते. मग हरतालिकेच्या दिवशी माणसं शाळेत येतात आणि पाटासकट देव डोक्यावरून घरी नेतात. आमची शाळा घरापासून दीड कोसावर. केरूबाबा डोक्यावर धोतराच्या फडक्याची चुंबळ ठेवायचे, चुंबळीवर मी आणि माझ्यावर देव. शेताचे बांध, चिखल, ओढ्यावरचा साकव, सगळं पार करत आम्ही तिघं यायचो. लोक म्हणायचे, "केरूचा गणपती कदी हलत नाय." ऐकून मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू! अहो, त्या न हलण्यात थोडा वाटा माझाही होताच की.

अंगणात आलो की येसूबाई तांब्या घेऊन पुढे यायच्या आणि केरूबाबांच्या पायावर पाणी घालायच्या. देव आणणाऱ्याचे पाय घरच्यांनी धुवायचे, ही आमची रीत. येसूबाई गेल्यावर तो तांब्या सुनेच्या हातात आला. चाळीसएक वर्षं हे असंच चाललं. उरलेले महिने मात्र मी भाताच्या कणगीमागे खुंटीला टांगलेला असायचो. कोळी जाळी विणायचे, पाली अंडी घालायच्या, कुणी ढुंकून बघायचं नाही. पण माझी तक्रार नव्हती. श्रावण जवळ आला की केरूबाबा मला काढून पुसणार, याची खात्री होती.

केरूबाबांचा मुलगा समर्थ. एकोणिसाव्या वर्षी तो मुंबईला गेला आणि एका कंपनीच्या साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. बायको वेदिका आणि मुलगी आरोही गावीच राहिल्या. वेदिका देवरुखच्या बालवाडीत शिकवते. समर्थला दर वर्षी चतुर्थीच्या दिवशी दुपारीच यायला जमायचं, कारण आदल्या दिवशी साहेबांना कुठे ना कुठे सोडायचं असायचं. तो येईपर्यंत देव मखरात बसलेला असायचा. वीस वर्षांत त्याने मला एकदाही डोक्यावर घेतलं नाही. केरूबाबांनीही कधी म्हटलं नाही. 'पोराची ड्युटी हाय' म्हणून ते गप्प बसायचे.

आता ते वाईट वर्ष सांगतो. गाडी येण्याच्या आदल्या वर्षी केरूबाबांचा गुडघा धरला. उभं राहिलं तर बसता येईना, बसलं तर उठता येईना. देव आणायला एक भाड्याची गाडी बोलावली. आत माणसं दाटलेली, म्हणून ड्रायव्हरने मूर्ती डिकीत ठेवली. मित्रांनो, मी फणसाचं लाकूड. चुंबळीवर मी घट्ट बसतो. पण डिकीतल्या त्या गुळगुळीत प्लास्टिकवर माझं काही चालेना. पहिल्याच वळणावर मी सरकलो आणि देवाचा मोदकाचा हात मनगटातून तुटला. चूक माझी नव्हती, पण घसरलो मीच. मूर्तिकाराने घरी येऊन शाडूने हात जोडला, रंग लावला, कुणाला कळलंसुद्धा नाही. केरूबाबा मात्र दोन दिवस जेवले नाहीत. "माझ्या हातात असता तर झाला नसता असा," एवढंच म्हणत राहिले.

समर्थच्या मनाला ते लागलं. तो म्हणाला, "बाबा, पुढच्या गणपतीला आपली गाडी. तुम्ही आत बसा, देव मांडीवर घ्या. डिकीचं नावच नको." वेदिकाने देवरुखला गाडी शिकायला सुरुवात केली. आणि त्या दिवसापासून घरात एकच वाद सुरू झाला, छोटी की मोठी?

समर्थला हवी होती छोटी लाल हॅचबॅक. चपळ, तरतरीत, पायाने नुसतं सांगितलं की पळणारी. मोबाइलवर तिचे फोटो तो आरोहीला इतक्या वेळा दाखवायचा की पोर म्हणाली, "पप्पा, माझे एवढे फोटो आहेत का तुमच्याकडे?" वेदिकाचं मत सेडानचं. लांब, ऐसपैस, मागे पाय पसरून बसता येणारी. ती म्हणाली, "गाडी कशासाठी घेतोय ते विसरू नका. बाबांचा गुडघा आणि देवाचा पाट, दोन्ही मागे मावायला हवेत." समर्थने मोबाइल बाजूला ठेवला. तो म्हणाला, "बरं, पाटच घेऊन जाऊ. मावेल ती आपली."

म्हणून मित्रांनो, जून महिन्यात मी एसटीत खिडकीशी केरूबाबांच्या मांडीवर बसून रत्नागिरीला गेलो. शोरूम म्हणजे काय थंडगार! फरशीत माझं तोंड दिसत होतं. रितेश नावाचा टाय घातलेला विक्रेता लगबगीने पुढे आला. केरूबाबांच्या काखेतला पाट बघून तो म्हणाला, "आजोबा, खाली कशाला बसता? खुर्ची आहे ना."

"बसायला नाय आणला. मापाला आणलाय," केरूबाबा म्हणाले. बिचारा रितेश! त्याने इंजिनाची, मायलेजची, एअरबॅगची सगळी माहिती तोंडपाठ केली होती. पाटाची कुणी शिकवलीच नव्हती.

आधी लाल गाडी. समर्थने तिच्या टपावरून हात फिरवला, गोठ्यातल्या वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. केरूबाबा मागे शिरले. गुडघा पुढच्या सीटला टेकला आणि त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं. मला मांडीवर घेतलं तर मी एका अंगाला कलंडलो. रितेशने पुढची सीट सरकवून बघितली, मला उभा, आडवा, तिरका धरून बघितला. शेवटी केरूबाबाच म्हणाले, "राव, देव वाकडा बसंल."  समर्थचा चेहरा असा उतरला की मला स्वतःचीच लाज वाटली. हातभर लांबी, तीसुद्धा नडावी!

मग सेडान. दार उघडलं आणि केरूबाबा आरामात आत गेले. पाय लांब झाले. मी मांडीवर सपाट बसलो, वर देवाच्या मुकुटाला चार बोटं जागा राहील एवढी उंची. वेदिका म्हणाली, "बघा! म्हटलं नव्हतं मी?" केरूबाबांनी माझ्यावर हात ठेवला. तो हात सुखावलेला होता, मला कळत होतं. वर्षभराची सल निघाल्यासारखं त्यांनी डोळे मिटले.

समर्थ पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसला. सवयीने त्याने आरसा वळवला, मागच्या सीटवरचा चेहरा दिसेल असा. सवयीनेच शर्टाची कॉलर नीट केली. आणि मागे न बघता, मुंबईच्या बोलीत, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "एसी ठीक आहे ना, सर?"

आरोही फिसकन हसली. मग तिच्या आईने तिचा हात दाबला, तशी गप्प झाली. समर्थच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सॉरी बाबा, चुकून... साहेबांची गाडी अशीच, बसलं की तोंडातून तेच येतं."

केरूबाबा आरशातून पोराकडे बघत राहिले. वीस वर्षं 'पोराची ड्युटी हाय' म्हणत आले होते, पण ड्युटीवरचा पोरगा त्यांनी कधी बघितला नव्हता. तो त्या आरशात पहिल्यांदा दिसला. मग त्यांनी मला मांडीवरून उचलून काखेत मारलं.

ते हळूहळू खाली उतरले. म्हणाले, "ही नको."

"का बाबा? गुडघा मावला, पाट मावला," वेदिका म्हणाली.

"मावला गो. पन हिच्यात मी सायेब झालो. माज्या पोराच्या गाडीत कोन सायेब नको." ते गुडघा धरत लाल गाडीपाशी गेले, पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले आणि पाय पुढे सोडले. "हितं तर बरा मावतो की! मी हितं बसनार, पोराच्या बाजूला."

"आणि देव?" समर्थने विचारलं. "समोर एअरबॅग असते, देव पुढे मांडीवर नाही घेता येणार. परत डिकीत..."

"डिकीत नाय." केरूबाबांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि समर्थच्या छातीला लावलं. "तुला डोका दिलाय ना देवाने? हरतालिकेला गावाला ये. नुसती ब्याग घेऊन नको, डोका घेऊन ये."

समर्थने मला धरलं. मोठा झाल्यापासून पहिल्यांदा. लाल गाडी ठरली.

पण मित्रांनो, ठरवणं वेगळं आणि येणं वेगळं. आषाढात मी शाळेत गेलो, माझ्यावर मूर्ती घडली, रंगली, डोळे रेखले. हरतालिकेचा दिवस उजाडला. केरूबाबा सकाळीच चुंबळ घेऊन लाल गाडीतून शाळेत आले. गाडी वेदिका चालवत होती. शेजारीपाजारी आपापले देव घेऊन गेले. अकरा वाजले, बारा वाजले. समर्थचा फोन लागेना. शाळेत आता तीनच पाट उरले होते. मूर्तिकार म्हणाला, "केरूमामा, माझा माणूस पोचवून देईल."

"थांबतो," केरूबाबा म्हणाले. "आजवर मी सांगितलाच नव्हता त्याला. सांगितल्यावर तो येनार." पण सारखं उठून दाराशी जात होते, गुडघा दुखत असूनसुद्धा. मला धीर द्यावासा वाटत होता. पाटाला तोंड कुठे असतं हो!

आणि साडेबाराला पाठीवर बॅग, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, घामाने चिंब असा समर्थ दारात उभा. मुंबईची एसटी उशिरा आली, फाट्यापासून पुढे वाहन नव्हतं, तो चालत आला होता. साहेबांना त्याने वीस वर्षांत पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं.

केरूबाबांनी त्याच्या पाठीवरची बॅग काढून घेतली. त्याच्या डोक्यावर चुंबळ बसवली, दोनदा दाबून बघितली. मग मला आणि देवाला सगळ्यांनी मिळून उचललं आणि वर ठेवलं. नवं डोकं होतं. पहिल्या पावलाला मी हललो. मूर्तीही हलली. मी जिवाच्या आकांताने चुंबळ धरून ठेवली.

रस्त्याने आम्ही पुढे आणि मागून लाल गाडी, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. पळण्यासाठी घेतलेली गाडी गोगलगायीसारखी येत होती, पण तिने एकदाही कुरकुर केली नाही. खिडकीतून केरूबाबांचा आवाज येत होता, "मान ताठ ठेव. पायाकडं बघू नको. पाट सांगंल पाय कुटं टाकायचा." आणि खरंच सांगत होतो मी! ओढ्यापाशी येईपर्यंत आमची चाल जुळली. वाडीच्या तोंडाशी कुणीतरी म्हणालं, "केरूचा गणपती यंदा पन हलत नाय हां." माझ्या जुन्या लाकडाला पालवी फुटायचीच बाकी होती.

आमच्या अरुंद पाणंदीला दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. सेडान तिथे अडकून बसली असती. लाल गाडी सुळकन आत आली. अंगणात वेदिका उतरली आणि तांब्या घेऊन पुढे झाली. केरूबाबा खाली उतरले आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी स्वतःचेच पाय पुढे केले.  मग त्यांच्या लक्षात आलं. ते मागे सरले, सुनेच्या हातातून तांब्या घेतला, दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबून वाकले आणि पोराच्या चिखलाने भरलेल्या पायांवर पाणी घालू लागले.

समर्थ घाबरून म्हणाला, "बाबा, काय करता! तुम्ही नको."

"गप ऱ्हा उबा. देव हाय तुज्या डोक्यावर," केरूबाबा म्हणाले आणि त्यांनी हाताने चोळून त्याचे दोन्ही पाय धुतले.

वरून टपटप दोन थेंब माझ्या कडेला लागून वाहिले असं सांगितलं असतं, पण पाऊस नव्हता आणि देव रडत नसतो. ते थेंब खालून, समर्थच्या गालावरून ओघळत होते. मला दिसत नव्हते, त्याचं डोकं हलत होतं त्यावरून कळलं.

मित्रांनो, उद्या तुमच्या घरी गाडी घ्यायची ठरली तर अवश्य माप घ्या. घरातलं म्हातारं माणूस कुठे बसेल ते बघा. पण ती चालवणाऱ्यालाही एकदा विचारा, बाबा, तुझं मन कशात आहे? आणि तुमच्याकडे माझ्यासारखा एखादा पाट खुंटीला असेल तर त्याच्यावरची जाळी अधूनमधून काढत जा.

मी आता पुन्हा कणगीमागे आहे. माझ्या पाठीवरचं नाव गेरू उडाल्यामुळे पुसट झालंय. पण काल मुंबईहून फोन आला होता. समर्थने आधी गाडीची चौकशी केली नाही, पाऊसपाण्याचीही नाही. त्याने विचारलं, "बाबा, आपला पाट पुसला का?"