पाहुण्यांच्या सोयीसाठी

वाघबिळाच्या पुढे रस्ता जिथे डोंगराला बिलगतो, तिथल्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात मी अंधार असल्यापासून बसलो होतो आणि समोरच्या मोठ्या काचेतून उजेड येताना पाहत होतो. त्यात विशेष असे काहीच नव्हते. डिसेंबरातली कोणतीही सकाळ अशीच उजाडते. आधी खालच्या सपाटीवरचे करडे धुके दुधाळ झाले. मग त्यातून उसाच्या फडांच्या कडा वर आल्या, आणि एका गुऱ्हाळाचा धूर वर न जाता आडवा पसरून राहिला. त्यानंतर बराच वेळ काही घडले नाही. उजेड जणू हिरवळीच्या टोकाशी येऊन थांबला होता. मग तो उलट्या रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या पायांवर चढला, मांडवाच्या दवाने जड झालेल्या कापडावरून घसरला, आणि काचेवरची धूळ दाखवीत आत आला. टेबलावर ओळीने मांडलेल्या खोल्यांच्या किल्ल्या एकेक करून उजळल्या. शेवटी तो माझ्या मनगटावर आला, तेव्हा त्यात ऊब अशी नव्हतीच. हाच उजेड या घटकेला शहरातल्या एका दवाखान्याच्या खिडकीतूनही उतरत असेल, असे मनात आले आणि मी काचेकडे पाठ करून बसलो.

त्या दवाखान्यात आण्णा होते.

आण्णा म्हणजे गणपतराव, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मी शाळेत असतानाच आईवडील गेले. आण्णांनी लग्न केले नव्हते. त्यांनी मला वारणानगरच्या वसाहतीतल्या आपल्या दोन खोल्यांत नेले, वाढवले, शिकवले. सर्वांत धाकटे विजयसिंहकाका शहरात मंगळवार पेठेतल्या घरी राहत, आणि आज त्यांच्या निशिगंधाचे लग्न होते. ती बंगळूरला नोकरी करते, नवरा मुलगा इंदूरचा. दोघांनाही डोंगराच्या पायथ्याशी, मोकळ्यावर लग्न हवे होते. पाहुणे चार दिशांनी येणार, म्हणून त्यांच्या प्रवासाची आणि निवासाची माहिती लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी चारचौघांत फारसा बोलत नाही. लिहितो बरा, असे घरच्यांचे मत आहे.

ते मी मनापासून केले होते. मुंबईकडून मोटारीने येणाऱ्यांनी कराडनंतर महामार्गाचे काम चालू असल्याने तासभर जास्त धरावा. रेल्वेने येणाऱ्यांसाठी स्थानकाबाहेर आपली गाडी उभी असेल. ज्येष्ठांना तळमजल्यावरच्या खोल्या दिल्या आहेत. अंबाबाईचे दर्शन घेणाऱ्यांनी शहरात उतरावे, म्हणजे पहाटे रांगेला उभे राहता येईल. डोंगरावर रात्री गार वारा सुटतो, शाल जवळ असू द्यावी. आणि शेवटी, कोणतीही अडचण आल्यास संकोच न करता कळवावे, खाली माझा नंबर.

आण्णांना मी ते वाचून दाखवले होते. ते खाटेवर बसून शेंगा सोलत होते.

“झ्याक लिवलंयस,” ते म्हणाले. “पर पावण्याला असं कागदावर बोलवत्यात व्हय? पावण्याला आणायला जायाचं असतंय.”

“एवढ्या जणांना आणायला कोण जाणार, आण्णा?”

“मी जातो की. मला काय काम हाय?”

ते खरेच जात असत. वसाहतीत कुणाकडेही पाहुणा यायचा असला, की आण्णा एसटीच्या थांब्यावर आधीच उभे. पाहुण्याच्या हातातली पिशवी ते अशी घेत, की तिच्यासाठी ओढाताण करणे त्यालाच अवघड वाटावे.

त्यानंतर आठवड्याभरात त्यांच्या मेंदूत रक्त साखळले. ते बेशुद्ध होते. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही.

मंगळवार पेठेत त्या दिवशी बैठक बसली. भावकीतले सर्वांत वडीलधारे हंबीररावआबा भिंतीला टेकून बसले होते. काका खालमानेने चहाचा कप फिरवत होते.

“देवक बसलं की शास्त्रानं अडत न्हाई,” आबा म्हणाले. “सुतक आलं तरी लगीन हुतंय. पर नवऱ्याकडची माणसं काय शास्त्र वाचून येत न्हाईत. मांडवात मयताची बातमी आली, की पोरीच्या कपाळाला चिकटली. उद्या त्येंच्या घरात कप फुटला तरी म्हणतील, हिच्या पायगुणानं.”

“मग काय करू, आबा? लग्न पुढं ढकलू?” काकांनी विचारले.

“ढकलू नगंस. सुतक कानातनं येतंय. ऐकलं तर लागलं, न्हाई ऐकलं तर न्हाई. माझ्या आज्याच्या वक्ताला दोन दिस सांगावा वेशीभायेर थांबवलावता. फोन कुणाकडं येतोय दवाखान्याचा?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. दवाखान्यात नातेवाईक म्हणून माझेच नाव होते.

“मग झालं की,” आबा म्हणाले. “अक्षता पडूपर्यंत तो फोन उचलायचा न्हाई. बोलत न्हाई म्हणून ह्या पोराला नावं ठेवत हुतो आपण. आज कामाला आलं बघ.”

कुणीतरी हसले. काका मात्र हसले नाहीत. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “औषधपाणी सगळं चालू आहे, ऋतुराज. आपण तिथं बसून तरी काय करणार? आत सोडत नाहीत. आणि पाहुण्यांचा सगळा घोर तुझ्यावर आहे.”

मी मान हलवली. नंतर पुष्कळदा आठवून पाहिले. मी काहीच बोललो नव्हतो, एवढेच आठवते.

ऊन मांडवाच्या छतावर आले तेव्हा पाहुण्यांचे फोन सुरू झाले. एका मावशींच्या खोलीत गरम पाणी येत नव्हते. इंदूरकडच्या एका गृहस्थांना न्याहारीला बिनतिखटाचे काय मिळेल, ते हवे होते. शहरात उतरलेल्या मंडळींची गाडी रंकाळ्याजवळ अडकली होती. प्रत्येकाला मी सावकाश उत्तर देत होतो, आणि उत्तर देताना माझा आवाज मलाच परका वाटत होता, इतका तो आश्वासक होता.

त्याच गर्दीत दवाखान्याचा नंबर उमटला.

मी फोन हातात धरून राहिलो. तो टेबलावर ठेवला असता तर लाकडावर थरथरून आवाज झाला असता. हातात तो जिवंत वाटत होता. मग शांत झाला. लगेच दुसरा फोन आला, पुण्याहून निघालेल्या कुणाचा तरी. वाटेत चहासाठी कुठे थांबावे, असे ते विचारत होते. मी सांगितले. ते म्हणाले, “फार छान व्यवस्था आहे हो तुमची.”

थोड्या वेळाने दवाखान्याचा पुन्हा आला. नंतर आणखी एकदा, आणि या वेळी तो फार वेळ वाजत राहिला. समोरचा माणूस ठेवायला तयारच नसावा, असा. मी उठून बाहेर गेलो आणि भिंतीला कपाळ टेकले. काय झाले असेल, हे मला ठाऊक होते. अशा दवाखान्यातून सकाळी तीनदा फोन येतो, तो दुसऱ्या कशासाठी येईल? आणि तरी मी स्वतःला सांगत होतो, की औषधाची चिठ्ठी असेल, कुठे सही हवी असेल. दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी बसल्या होत्या, एकमेकींकडे न पाहता.

त्यानंतर तो नंबर आला नाही. त्या शांततेने मला बरे वाटले, हे लिहिताना आज बोट जड होते.

दुपारी निशिगंधाने मला तिच्या खोलीत बोलावून घेतले. ती हिरव्या शालूत अवघडून बसली होती, मुंडावळ्या बांधायच्या राहिल्या होत्या. आण्णांना ताप आहे आणि ते दवाखान्यात विश्रांती घेत आहेत, एवढेच तिला सांगितले होते.

“दादा, आण्णा कसे आहेत?”

“स्थिर आहेत.”

“मग फोन लाव की. मला दोन शब्द बोलू दे. माझ्या लग्नात लेझीम खेळणार म्हणाले होते, आणि स्वतः जाऊन झोपलेत.”

“इथे रेंज नाही,” मी म्हणालो.

त्याच वेळी माझ्या खिशातला फोन वाजला. एका पाहुण्यांना वाहनतळ सापडत नव्हता. मी तिच्यासमोरच त्यांना सांगितले, की कमानीतून आत या आणि डावीकडे वळा. मी फोन बंद केला. तिने माझ्याकडे पाहिले, मग आरशाकडे, आणि मग मुंडावळ्या बांधणाऱ्या बाईंना म्हणाली, “बांधा. उशीर होतोय.”

तिला तिथेच कळले असावे. तिने विचारले नाही. ऐकले नाही तर लागत नाही, हे तिला कुणी शिकवले नव्हते.

मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा मी मांडवाच्या शेवटच्या खांबाशी उभा होतो. अक्षता टाकायला हात उचलला आणि तांदूळ मुठीतच राहिले. घामाने ते तळव्याला चिकटले होते. वाजंत्री वाजली, सगळे पुढे सरकले, आबांनी लांबून माझ्याकडे पाहून मान हलवली. झाले, आता जा, असा त्याचा अर्थ होता.

मी मोटारसायकल काढली. उतारावरून शहराकडे येताना समोरून उशिरा पोचणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या येत होत्या. काही जणांनी मला ओळखून काच खाली केली आणि विचारले, “बरोबर चाललोय ना?” मी हाताने वरची दिशा दाखवत होतो.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी जुलेखा सिस्टर भेटल्या. मागच्या खेपांना त्यांनीच मला काचेतून आण्णांना पाहू दिले होते. आज त्यांनी मला बाकावर बसवले आणि स्वतः उभ्या राहिल्या.

“तुम्ही कुठं हुता ओ?”

“लग्न होतं घरात.”

“व्हय, त्येच म्हणत हुते ते.”

मला वाटले, मी चुकीचे ऐकले. “कोण म्हणत होते?”

“आण्णाच की. सकाळी शुद्धीवर आलते. डोळं उघडलं, पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलवून घ्या, असं कधीकधी थोडा वेळ येत्यात माणसं. म्हणून तुम्हांला लावला. उचलला न्हाई. परत लावला. तिसऱ्या बारीला त्येंच्या उशालाच उभी राहून लावला, स्पीकरवर. म्हणलं, तुमचा आवाज तरी ऐकतील. सगळी रिंग वाजली. ते ऐकत पडलेवते.”

मी खिशातला फोन काढून बाकावर उपडा ठेवला.

“मग मलाच म्हणाले, ठेव बाई आता, पोरगं कामात असंल. पावणं आल्यात घरात.”

व्हरांड्यातून कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. तिचे एक चाक अडखळत होते.

“मग?”

“मग दुपारी परत झोप लागल्यागत झालं, ते तसंच. आता लावणारच हुते तुम्हांला, तवर तुम्हीच आलात.” त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले. “तुम्ही बसा थोडा वेळ. आत सोडते तुम्हांला. आता काय, कुणी अडवत न्हाई.”

मी आत गेलो. नळ्या काढलेल्या होत्या. आण्णांचा चेहरा आश्चर्य वाटावे इतका साधा होता, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, उजवा हात चादरीबाहेर. मी तो हातात घेतला. पकडणारा कोणीच त्यात नव्हता.

बाहेर येऊन मी काकांना दोन शब्दांचा निरोप पाठवला. त्यांचा फोन आला, तेव्हा मी पुन्हा बाकावर होतो. ते म्हणाले, “कळलं मला. ऐक. नवऱ्याकडची मंडळी मुलीला घेऊन सांजच्याला निघतील. ती एकदा हलू देत. मग सगळ्यांना कळव. आपले बरेचसे पाहुणे मुक्कामाला आहेतच, उद्या तिकडूनच येतील. आणि संध्याकाळी गेले, असं लिही. घरचे सगळे जवळ होते, असं लिही. बरं दिसतं.”

“बरं,” मी म्हणालो.

संध्याकाळी, वरात हलली असे कळल्यावर, मी त्याच बाकावर बसून लिहायला घेतले. हे मला चांगले जमते. सकाळी पंचगंगेच्या घाटावर यावे. रिसॉर्टवर मुक्कामाला असलेल्यांसाठी गाड्या स्वागतकक्षासमोर उभ्या असतील. शहरात उतरलेल्यांनी शिवाजी पुलाकडून यावे, घाटाजवळ रस्ता अरुंद आहे, वाहने अलीकडेच लावावीत. वयस्कर मंडळींनी पायऱ्या उतरू नयेत, वर बसण्याची सोय केली आहे. रात्रीच्या गाडीचे आरक्षण असलेल्यांनी ते रद्द करू नये, आम्ही समजून घेऊ. काही अडचण असल्यास संकोच न करता कळवावे.

सगळे नीट झाले होते. कशासाठी यावे, ते मात्र लिहिलेले नव्हते. मी पहिली ओळ रिकामी ठेवून पुढे गेलो होतो.

जुलेखा सिस्टर पाळी संपवून, खांद्याला पिशवी लावून समोरून गेल्या.

मी मजकुरात वर, त्या रिकाम्या ओळीवर गेलो. काकांनी सांगितलेली ओळ लिहिली आणि वाचली. ती चांगली दिसत होती. मग ती पुसली, आणि तिच्या जागी लिहिले:

आण्णा आज दुपारी गेले. आमच्यापैकी कुणीही त्यांच्याजवळ नव्हते.