दोन उलथनी आणि एक विमान

निवृत्त बसचालकाला कॉम्प्युटरवर जुनं दुपंखी लढाऊ विमान उडवायचं खूळ लागलं. पण विमानवाहू जहाजावर उतरताना विमानाच्या लांब नाकाआड जहाजच दडायचं आणि स्वारी थेट समुद्रात!

शेवटी बायको वैतागली. खेळातल्या जहाजावरून दिसणारं दृश्य तिने मोबाइलवर लावलं आणि ते बघत, दोन्ही हातांत उलथनी धरून त्याला खुणा केल्या. विमान अलगद टेकलं. मग ते रोजचंच झालं.

आज सकाळी तिने दाराआडून पाहिलं. पठ्ठ्याने एकट्याने, झोकात विमान उतरवलं. ती गुपचूप मागे फिरली.

संध्याकाळी हाक आली, “अगं, ये ना, पुढचं काही दिसत नाहीये!”

“आले! तोवर बुडू नका,” म्हणत तिने गॅस बंद केला आणि दोन्ही उलथनी उचलली.