रुईचं पान

सकाळी खाटेवरून उतरले की टाचेत बाभळीचा काटा मोडल्यासारखं व्हायचं. दिवस कापूस वेचणीचे. मी बांधावर उभी नसले तर बाया अर्धी बोंडं झाडावरच सोडतात. लंगडून मला चालणारच नव्हतं, आणि सुनेपुढे तर नाहीच.

नवल, माझा मुलगा, जळगावला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, साखर फार वाढली आहे, पायांतली जाण जाते आहे, शेक अजिबात घेऊ नका. सून रूपा मोबाईलात बघून सांगायला लागली, बाटलीत पाणी गोठवून तिच्यावर तळवा फिरवा. मी म्हटलं, बाई, टाच आहे, कुल्फी नाही.

आमच्या धरणगावात टाचेला औषध एकच. वीट चुलीत तापवायची, वर तेल लावलेलं रुईचं पान ठेवायचं, त्यावर टाच दाबून धरायची. पहिल्या दिवशी चांगला चटका बसला. पुढे ऊबच पोचेना, म्हणून वीट रोज जास्त वेळ चुलीत राहू लागली. आणि दुखणं थांबलं. मी अंगणात मुद्दाम दोन फेऱ्या मारून रूपाला दाखवलं.

काल संध्याकाळी जाऊ भागाबाई कुबडी टेकत आली. साखरेपायी तिचा पाय धुळ्याला घोट्यावरून कापला. गोड खाताना तिला जिभेवर ताबा नाही, मला आहे, असं मी चारचौघांत म्हणत आले. रूपाने चिमट्याने वीट आणून ठेवली.

"आक्का, भलती तपेल शे. माले जवळ हात नेता येत नही."

"माले त थंडीगार लागस," मी म्हटलं आणि पाय ठेवला.

भागाबाईला सांगितलं, बघ, औषधावाचून दुखणं गेलं. तिला हेवा वाटेल असं वाटलं होतं. ती माझ्या पायाकडेच बघत राहिली.

"मनं दुखनं बी असंच थांबेल व्हतं," ती आपल्या कापलेल्या पायाकडे बघत हळूच म्हणाली.

मी तोंड फिरवलं. तेवढ्यात करपल्याचा वास आला. भरिताची वांगी चुलीत विसरली असणार, म्हणून मी रूपावर ओरडले.

"वांगा त अजून टोपलीमाच शेतस, आक्का."

भागाबाईने कुबडीने वीट दूर ढकलली. मी पाय उचलला. पान टाचेला चिकटून वर आलं, आणि मला काहीच जाणवलं नाही.