पाठीमागची भिंत

मिस्त्रींची खोली जाणार हे ठरलं, तेव्हा मिस्त्री खोलीतच होते. दार अर्धं उघडं होतं आणि बाहेर लेक आणि सून हळू आवाजात बोलत होते. हळू बोललेलं म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात आधी ऐकू येतं, हे तरण्या माणसांच्या लक्षात येत नाही.

कारण सरळ होतं. सूनबाई एका फ्रिज बनवणाऱ्या कंपनीत तक्रारी ऐकायच्या कामावर होती. गिऱ्हाइकाने आपल्या फोनचा कॅमेरा फ्रिजकडे धरायचा, हिने पडद्यावर बघून काय बिघडलंय ते सांगायचं. कंपनीने तिला घरी बसून काम करायची परवानगी दिली होती, पण परवानगीला दोन पानांचं पत्रक जोडलेलं होतं. खोली वेगळी हवी. दार लागणारं हवं. पाठीमागची भिंत फिक्या रंगाची, बिनडागाची, न चमकणारी हवी. महिनाअखेर साहेब पडद्यावरूनच तपासणी करतील. नापसंत ठरली, तर रोज दोन बस बदलून कचेरीत यावं लागेल.

लेक रात्रपाळीला. दिवसा तो नवराबायकोच्या खोलीत झोपायचा आणि त्याच्या घोरण्याचा पत्रकात उल्लेख नसला तरी ते चालण्यासारखं नव्हतं. उरली मागची दहा बाय आठची खोली. म्हणजे मिस्त्रींची.

"बाबा, तुमची खाट हॉलमध्ये टाकू," लेक म्हणाला. "टीव्ही पण तिथंच आहे."

"बरं," मिस्त्री म्हणाले. टीव्हीशी त्यांचा संबंध आजवर तो बंद असताना पुसण्यापुरताच होता.

मिस्त्रींचा जन्म दुसऱ्यांची घरं रंगवण्यात गेला. चाळीस वर्षं जिथं काम तिथंच मुक्काम. चुन्याच्या पोत्यांवर, उघड्या चौकटीच्या खोलीत. घराला दारं लागतात ती सगळ्यात शेवटी, आणि दारं लागली की रंगाऱ्याचं काम संपतं. त्यामुळे स्वतःला लावता येईल असं दार त्यांना मिळालं ते बासष्टाव्या वर्षी, या खोलीचं. ते आत काही विशेष करत नसत. दार लावून बसत, एवढंच. आणि हॉलमध्ये झोपणारा माणूस त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या घरी पाहिला होता. तो एकतर पाहुणा असतो, नाहीतर आजारी. पाहुणा जाण्याची सगळे वाट बघतात. आजाऱ्याचीही बघतात, पण बोलत नाहीत.

हे सगळं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी एवढंच म्हटलं, "रंग मात्र मीच देणार. बाहेरचा माणूस नको."

लेकाला बरं वाटलं. सूनबाईने तर पदराने डोळे टिपले. मिस्त्रींनी त्याच दिवशी भिंत खरवडायला घेतली.

आता, मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेला कोणीही सांगेल की चार खोल्यांचं घर ते सहा दिवसांत हातावेगळं करायचे. पण ही भिंत निराळीच निघाली. खरवडायलाच पाच दिवस गेले. मग लांबी भरली, म्हणजे भिंतीच्या भेगा आणि खड्डे पुट्टीने बुजवले. मग लांबी सुकायची वाट. रात्री खाट खोलीच्या मधोमध ओढायची, वर जुनी चादर टाकायची, आणि मिस्त्री त्या रिकाम्या खोलीत पूर्वीसारखे झोपायचे. फरक इतकाच की आता दार होतं.

"सुकली का बाबा?" सूनबाई विचारायची.

"भिंत दम सोडतेय अजून."

"किती दिवस सोडेल?"

"भिंतीला विचारून कोणी सांगितलंय?"

सूनबाईचं काम तोवर स्वयंपाकघरात चाललं होतं. ओट्याच्या कोपऱ्यात लॅपटॉप, पाठीमागे दोरीवर चिमट्यांनी लावलेली पांढरी चादर. एकदा ऐन बोलण्यात कुकरची शिट्टी झाली, तर समोरची बाई म्हणाली, "ताई, आधी तुमचा गॅस बंद करा, मग माझा फ्रिज बघा." दुसऱ्यांदा चादरीचा एक चिमटा निसटला आणि गिऱ्हाइकाला तिच्या नवऱ्याचं दर्शन झालं. तो नुकताच झोपेतून उठला होता आणि बनियन उलटा होता. या दोन्ही गोष्टी कंपनीपर्यंत पोचल्या. साहेबांचं पत्र आलं, दोन ओळींचं. दुसऱ्या ओळीत महिनाअखेरची तारीख ठळक केली होती.

तेव्हा सूनबाईने रंग ठरवायला घेतला. तिने कागदावर खोलीचा नकाशाच काढला होता. कॅमेऱ्यात येणारी भिंत एका रंगाची, बाकी तीन त्याहून फिक्या. टेबल लाकडी रंगाचं. पडदा भिंतीपेक्षा एक पायरी गडद. वर एक फळी, तिच्यावर दोन पुस्तकं आणि एक कुंडी.

"पुस्तकं कशाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"विश्वास बसतो म्हणे लोकांचा."

"फ्रिजवर?"

"माझ्यावर, बाबा."

मिस्त्रींनी शेडकार्ड डोळ्यांजवळ धरलं. त्यात हजारभर चौकोन होते आणि प्रत्येकाखाली नाव. "हे काय, विंटर ओट्स?"

"ओट्स म्हणजे ते... घोडे खातात ते."

"आणि हे मॉर्निंग व्हिस्पर?"

"सकाळची कुजबुज."

"कुजबुजीचा रंग द्यायचाय का आपल्याला?" मिस्त्री म्हणाले. "हा साधा राखेत दूध सांडल्यासारखा आहे. आणि तो वरचा, ताप उतरलेल्या माणसाच्या जिभेसारखा."

सूनबाईने तो वरचा पेन्सिलने खोडून टाकला.

तेवढ्यात त्यांना एक नवी अडचण सापडली. सापडली म्हणजे मिस्त्रींनीच शोधली. कॅमेऱ्यात रंग भिंतीवर असतो तसा दिसत नाही. मग भिंतीवर हातभर नमुना लावायचा, त्याच्यासमोर खुर्चीत कोणीतरी बसायचं, आणि सूनबाईने पडद्यात बघायचं. खुर्चीत अर्थात मिस्त्रीच बसायचे. त्यांचा चेहरा पडद्यावर यायचा आणि मागे राखाडी, मोतिया, पिस्ता.

"यात तुम्ही आजारी दिसताय बाबा."

"मग दुसरा लावू."

"यात बरे दिसताय."

"पण सकाळच्या उजेडात बघायला हवा. उद्या."

असे उद्या करत करत भिंतीवर चौदा नमुने झाले. खोलीत शिरलं की कोणीतरी निरनिराळ्या देशांचा नकाशा लावून ठेवलाय असं वाटायचं. महिनाअखेर पाच दिवसांवर आली.

त्या दिवशी चुनाभाऊ आला. हा मिस्त्रींचा जुना जोडीदार. तरुणपणी चुन्याच्या पिंपात पडला होता, तेव्हापासून याच नावाने ओळखला जायचा. आला, खोलीत डोकावला, आणि कोणी न सांगता भिंतीवर तळहात ठेवला. रंगाऱ्याचा हात असाच जातो, डॉक्टरचा नाडीवर जातो तसा.

"ही तर पंधरा दिवसांपूर्वीच सुकलीय," तो म्हणाला.

"तू चहा पी," मिस्त्री म्हणाले.

"अरे, पण ठणठणीत आहे. आणि लांबी बघ, काच केलीय काच. किती वेळा घासलीस? मी तुला चाळीस वर्षांत एवढी घासताना पाहिलं नाही." मग तो सूनबाईकडे वळला. "सूनबाई, याची तब्येत बरी आहे ना? हा माणूस एका आठवड्यात शाळा रंगवायचा. अख्खी. छतासकट."

सूनबाईच्या हातात कपबशी होती. ती म्हणाली, "साखर किती घालू?"

"दोन," चुनाभाऊ म्हणाला आणि मग त्याने छताकडे बघितलं. छतही घासलेलं होतं. त्यानंतर मात्र तो नुसता चहा प्यायला आणि गुडघेदुखीबद्दल बोलला. जाताना मिस्त्रींना दारात म्हणाला, "मला आधी सांगायचंस ना."

"तू विचारलंस का?"

"तेही खरं," म्हणून तो गेला.

मिस्त्री खोलीत येऊन रंगाच्या डब्यावर बसले. सूनबाई आली आणि दुसऱ्या डब्यावर बसली. थोडा वेळ दोघांनी चौदा रंग बघितले.

"मला लांबी घासायच्या तिसऱ्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"घासायचा कागद तुम्ही उलट्या बाजूने घासत होतात."

मिस्त्रींनी बोटांवरची सुकलेली पुट्टी खरवडली.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? खोली घेते आणि वर घाई पण करते, असं? माझ्या जिभेला हाड नाही, पण इतकी वाईट पण नाही मी." ती पदराच्या टोकाने डब्याचं झाकण पुसत राहिली. "कचेरीत गेले तर सकाळी सहाला निघायचं, रात्री आठला यायचं. ह्यांची माझी गाठ रविवारी. तुमचं जेवण कोण बघणार? मला ही नोकरी घरूनच हवीय, बाबा. आणि तुम्हाला हॉलमध्ये टाकायचं माझ्या जिवावर आलंय. हे दोन्ही खरं आहे. आता तुम्हीच सांगा."

कोणी एवढं सरळ विचारलं की मिस्त्रींचं डोकं कामाला लागायचं. ते उठले, लॅपटॉप मागवला, सूनबाईला खुर्चीत बसवलं आणि स्वतः पडद्यात बघू लागले. मग खडू घेऊन पडद्यात जेवढी भिंत दिसत होती तेवढीच आखली. चार फूट रुंद, तीन फूट उंच.

"एवढंच दिसतं?"

"एवढंच."

"मग यासाठी आपण चार भिंती, पडदा, फळी करत होतो?" मिस्त्री म्हणाले. "जे दिसत नाही ते कोणी रंगवत नाही. कपाटाच्या मागे मी आजवर ब्रश नेला नाही, आणि कोणी कपाट सरकवून बघितलंही नाही. टेबल इथं. ही एक भिंत रंगवू. खाट राहील समोरच्या भिंतीला, कॅमेऱ्याच्या पाठीमागे. तू काम करशील तेव्हा मी बाहेर, नाहीतर आत गुपचूप पडून. तुझं काम संपलं की दार माझं."

"पत्रकात लिहिलंय, खोलीत दुसरं कोणी नको."

"पत्रक कॅमेऱ्यातूनच बघणार ना?"

सूनबाईने पत्रक परत वाचलं, मिस्त्रींकडे बघितलं, आणि पत्रकाची घडी घातली.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ब्रश हातात घेतला. बाराच्या आत पहिला हात, चारला दुसरा. रंग राखेत सांडलेल्या दुधाचा. नमुने झाकले गेले, कड सुतासारखी सरळ आली. बाकीच्या तीन भिंती लांबीच्या पांढऱ्या-करड्या डागांसह तशाच राहिल्या. लेकाने त्या दिवशी झोपेतून उठून बघितलं आणि विचारलं, "हे एका दिवसात झालं? मग महिनाभर काय चाललं होतं?"

"तयारी," सूनबाई म्हणाली.

तपासणी अखेरच्या दिवशी दुपारी होती. सूनबाई टेबलाशी बसली. साहेब भिंतीला काय म्हणतात ते ऐकायचं म्हणून मिस्त्री समोर खाटेवर पडून राहिले, हात छातीवर, श्वाससुद्धा बेताने. साहेब पडद्यावर आले. त्यांचीही पाठीमागची भिंत फिकी होती. त्यांनी भिंत बघितली, आवाज बघितला, उजेड बघितला. चांगलं म्हणाले. मग म्हणाले, "आता कॅमेरा सावकाश फिरवून खोली दाखवा."

हे पत्रकात नव्हतं.

"सगळी खोली, सर?"

"चारही बाजू. नियम आहे."

सूनबाईने लॅपटॉप उचलला. तिला हळू फिरवायचा होता, त्यामुळे मिस्त्रींना वेळ मिळाला. पण सत्तरीच्या माणसाला खाटेवरून उठायला लागतो तेवढा वेळ तो नव्हता. कॅमेरा समोर आला तेव्हा मिस्त्री एक पाय जमिनीवर आणि एक खाटेवर अशा अवस्थेत होते, आणि हातात काय घ्यावं म्हणून त्यांनी ब्रश घेतला होता. ब्रश सुका होता. मागे अर्धवट भिंत, तीन डबे, आणि चादर.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

सूनबाई आयुष्यात खोटं बोलली नव्हती असं नाही, पण कामावर बोलली नव्हती. मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. सासरे म्हणाली तर घरून काम करणं गेलं, आणि कोणी नाही म्हणाली तर खोली राहील, पण म्हणजे ते कोणीच नाहीत असं होणार होतं. त्यांनी मान खाली घातली.

"मिस्त्री आहेत," सूनबाई म्हणाली. "रंगाचं काम चालू आहे."

"अच्छा. आणि खाट?"

"उंचावर हात पोचायला चढतात."

साहेबांनी यादी बघितली. यादीत 'दुरुस्तीचे काम सुरू' असा एक रकाना होता, त्यात त्यांनी खूण केली असावी, कारण त्यांचा चेहरा मोकळा झाला. "काम चालू असेल तर माणूस असणारच. कधी संपेल?"

"जुने कसलेले कारागीर आहेत, सर," सूनबाई म्हणाली. "त्यांना घाई केलेली चालत नाही."

"घाई करू नका. काम नीट होऊ द्या. दर महिन्याला फक्त एक ओळ कळवत जा, काम सुरू आहे म्हणून." मग साहेब मिस्त्रींकडे बघून म्हणाले, "काका, ही भिंत सुरेख झालीय. रंग कुठला?"

मिस्त्रींनी चाळीस वर्षांत कुठल्याही साहेबाला उत्तर द्यायला वेळ घेतला नव्हता. आज घेतला. "मॉर्निंग व्हिस्पर," ते म्हणाले.

पडदा बंद झाला. सूनबाईने लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून ती बराच वेळ हसली. मिस्त्री हसले नाहीत. त्यांना एक काळजी लागली होती.

"म्हणजे या तीन भिंती मला कधीच पुऱ्या करता यायच्या नाहीत?"

"नाही बाबा. मी इथं काम करतेय तोवर तरी नाही."

"अर्धवट भिंत मी आजवर सोडली नाही कुठं."

"सोडू नका. रोज थोडी घासत जा."

मिस्त्रींनी समोरच्या भिंतीकडे जरा वेळ बघितलं. लोक काय म्हणतील असा प्रश्न नव्हता, लोक आत येत नव्हते. "घासायचा कागद कुठं ठेवला मी," असं पुटपुटत त्यांनी खाट भिंतीपासून हातभर सरकवली, आणि सूनबाई निघून गेल्यावर दार लावून घेतलं.

संध्याकाळी लेक उठून बाहेर आला. हॉलमध्ये त्याने वडिलांसाठी आदल्या दिवशी आणून ठेवलेली गादी तशीच गुंडाळलेली होती.

"बाबा कुठं आहेत?"

"कामावर," सूनबाई म्हणाली.

मागच्या खोलीच्या बंद दारातून घोरण्याचा आवाज येत होता. लेकाने तो ऐकला, थोडा विचार केला, आणि दात घासायला गेला.