थांबायला शिकलेला पानपालट्या

मित्रांनो, आमच्या दुकानाच्या पत्त्यावर एकदा एक पत्र आले होते. खरे तर त्यातली तक्रार माझ्याबद्दल होती. पण मला हात नाहीत, आणि ज्यांना हात होते त्यांना धीर नव्हता. म्हणून ते पत्र उत्तराविना टेबलाच्या खणात पडून राहिले.

मी एक जुना पानपालट्या आहे. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानाची वेबसाइट आहे, तिथे मी राहतो. तुम्ही पडद्यावर बोट सरकवले की एक पान जाते आणि दुसरे येते. त्या दोहोंमधला जो क्षण, तेवढेच माझे आयुष्य.

दुकानातल्या आजोबांच्या सुनेने मला घडवले. वेबसाइट बांधणे हाच तिचा व्यवसाय. आधी तिने आजोबांना एक जाडजूड पुस्तक वाचायला बसवले आणि त्यांच्या हाताचे चित्रण केले. आजोबा पान ओढत नाहीत. कोपरा बोटाने उचलतात, पान क्षणभर उभे धरतात, जणू त्याला विचारतात, "जायचं ना?" आणि मग सोडून देतात. ते उभे राहणे, डुलणे आणि अलगद निजणे तिने जसेच्या तसे मला दिले.

लहानपणी मी फार अडखळत असे. पुढचे पान तयार होण्याआधीच मागचे उलटून टाकायचो आणि मध्येच पांढराफटक पडदा चमकायचा. सूनबाई चहा गार करून माझ्यापाशी बसायची. "घाई कसली रे तुला? पुढचं पान आलंय का बघ, मग हल!" हळूहळू मी सुधारलो. गिऱ्हाइके कौतुक करू लागली. मुले तर गोष्ट न वाचताच मला पुढेमागे करत. खोटे कशाला सांगू, मी चांगलाच शेफारलो होतो.

आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके विकली. स्वतः लिहिलेले दाखवायची मात्र त्यांना लाज वाटे. "पान छान उलटतं, तेवढं तरी लोक बघतील," असे म्हणत त्यांनी वेबसाइटवर एक गोष्ट थोडी थोडी द्यायला सुरुवात केली. हातात कंदील घेऊन एका बंद दाराशी आलेल्या मुलीची.

मग ते पत्र आले. आजोबांनी पहिली ओळ वाचली, पत्राची घडी घातली आणि खण लावून घेतला. त्या दिवसापासून ती मुलगी दाराशीच उभी राहिली. पुढचे पान लिहिलेच गेले नाही, तर मी उलटणार तरी काय?

शेवटी एके दिवशी आजोबा म्हणाले, "सूनबाई, ती गोष्ट काढून टाक बाई."

"का हो बाबा?"

"लोकांना वाचवत नाही गं. लेखी पुरावा आहे." त्यांनी खणाकडे बोट दाखवले.

तिने पत्र काढून मोठ्याने वाचले, "'तुमच्या गोष्टीचे तिसरे पान मला वाचता आले नाही.'"

"ऐकलंस?"

"अहो बाबा, याच्याखाली अजून अख्खी बाजू आहे!"

"असेल. शिव्या सविस्तर असतील."

सूनबाई पुढे वाचू लागली. "'मी पूर्वी कपडे शिवत असे. आता कानाचे दुखणे आहे, डोळ्यांपुढे काही हलले की चक्कर येते. तुमचे पान डुलत डुलत येते. दुसऱ्या पानापर्यंत मी खुर्ची धरून पोचले, तिसऱ्याला डोळे मिटावे लागले. पण ती मुलगी माझ्या डोक्यातून जात नाही. दारामागे काय आहे, एवढे तरी कळवाल का?'"

आजोबांनी तिच्या हातातून पत्र घेतले. मग हळूच म्हणाले, "खुर्ची धरून वाचलं?"

"दोष गोष्टीत नाही, या डुलणाऱ्यात आहे," माझ्याकडे बघत सूनबाई म्हणाली. "काढून टाकू का याला?"

मित्रांनो, मी उभ्याउभ्या गारठलो.

"छे गं! माझाच हात आहे तो," आजोबा म्हणाले. "समजावून बघ."

तिने मला हळू केले. आजोबा म्हणाले, "हा तर झोपाळा झाला." तिने मला वेगवान केले. ते म्हणाले, "आता थप्पड मारल्यासारखा येतोय." मग तिला काहीतरी आठवले. फोनमध्ये एक सोय असते. ज्यांना हलत्या चित्रांचा त्रास होतो, ते तिथे 'हालचाल कमी' असे सांगून ठेवतात. तिने ती सोय आपल्या फोनवर चालू केली आणि गोष्ट उघडली. मी नेहमीच्याच ऐटीत डुललो.

"अरे गधड्या, फोन सांगतोय ना, नको म्हणून!" ती ओरडली आणि लगेच कपाळाला हात लावून हसली. "तुला तरी काय बोलू? मीच तुला विचारायला शिकवलं नाही."

आता मी हलण्याआधी विचारतो. नको असेल तर जागचा हलत नाही. जुने पान मुकाट्याने जाते, नवे येते. ज्यांना ती सोय ठाऊक नाही, त्यांच्यासाठी पानाखाली एक बटण आहे: 'पान हलू नये'. न हलणे म्हणजे मरणे, असे मला आधी वाटले होते. तसे नसते. वाचणारा पुढच्या पानावर पोचला की माझे काम झाले.

मित्रांनो, तुम्हीही देखण्या वस्तू जरूर घडवा, पण समोरच्याला त्या सोसतील का, तेवढे विचारा. आणि आलेले पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

आजोबांनी दाराचा भाग लिहून काढला. मग उत्तर लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. 'दारामागे काय आहे ते इथे सांगत नाही. तिसरे पान आता स्थिर आहे. खुर्ची धरावी लागणार नाही. पान थांबवायचे बटण पानाखाली आहे.'

टपालपेटीपर्यंत सूनबाई त्यांच्यासोबत आली, आणि मी त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये होतो. पेटीपाशी ते थबकले. "सूनबाई, आवडेल ना गं त्यांना?"

"बाबा, टाका आता!"

त्यांनी कोपऱ्याला धरून पाकीट क्षणभर फटीत उभे ठेवले, जणू त्याला विचारले, "जायचं ना?" आणि सोडून दिले.