एकटीचे काम

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यात झाला आणि उभे आयुष्य नाशिकच्या एका रुग्णालयाच्या मागच्या खोलीत गेले. मला डोळा एकच. पण तुम्ही ज्याला स्वच्छ पाण्याचा थेंब म्हणता, त्यातली वळवळणारी गर्दी तो डोळा दाखवत असे.

१९७७ साली डॉ. सिंधू आमच्याकडे आल्या. त्यांचे वडील सहादू नाशिकजवळच अंबडला कारखान्यात कामाला होते. आई लहानपणीच गेलेली. रोगजंतूंचे शास्त्र शिकलेल्या डॉक्टर आमच्या रुग्णालयात त्या एकट्याच. मदतीला लताबाई होत्या. त्या काचपट्ट्या धूत, मला मऊ फडक्याने पुसत.

एका उन्हाळ्यात पंचवटीतून जुलाब-उलट्यांचे रुग्ण येऊ लागले. लग्नाचे जेवण बाधले, असे सगळे म्हणत होते. सिंधूताईंनी एका रुग्णाच्या जुलाबाचा थेंब माझ्याखाली ठेवला आणि पाहतच राहिल्या. वाकड्या स्वल्पविरामासारखे जंतू माशांच्या पिलांसारखे सुळकन धावत होते.

"लताबाई, हा कॉलरा वाटतोय," त्या हळूच म्हणाल्या. "पण चुकलं तर सांगणार कोण मला? विचारायचं कुणाला?"

त्या चुकल्या नव्हत्या. पुढच्या तपासणीत कॉलराच निघाला. पंचवटीतली दूषित विहीर बंद झाली, साथ आटोक्यात आली. पण तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. आपले ज्ञान पारखून घ्यायला इंग्लंडातली सूक्ष्मजीवशास्त्राची मोठी परीक्षा द्यायची, असे त्यांनी ठरवले आणि तिकडे लिहून विचारले.

उत्तर आले त्या दिवशी सहादू मुलीचा डबा घेऊन आले होते.

"आबा, परीक्षेला बसता येणार नाही मला."

"का? मार्क कमी पडले?"

"मार्कांचं नाही. बाहेरच्या देशातल्या डॉक्टरनं मान्यता असलेल्या विभागात, मोठ्या तज्ज्ञाच्या हाताखाली काही वर्षं काम केलेलं लागतं. इथं माझ्यावर कुणीच नाही. मी एकटीनं केलं ना, म्हणून ते काम धरत नाहीत."

"एकटीनं केलं म्हणून तर जास्त धरायला पाहिजे," सहादू म्हणाले. मग डबा उघडत म्हणाले, "जा तू. तिथं हाताखाली काम कर. माझं काय, मी बरा हाय."

सिंधूताई गेल्या. जाताना त्यांनी माझ्या नळीवर नुसता हात ठेवला.

नवे डॉक्टर आले, त्यांच्याबरोबर विजेच्या दिव्याचा, दोन डोळ्यांचा नवा सूक्ष्मदर्शक आला. लताबाईंनी मला कापडात गुंडाळून कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. "मॅडम येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही," त्या सगळ्यांना बजावत. त्यांची माया मला कळत होती. पण मित्रांनो, कपाटात उजेड नव्हता, वारा नव्हता. पावसाळ्यात भिंतीला ओल येई. बाहेर नव्या यंत्राचे चाक फिरल्याचा आवाज आला, की वाटे, आज तरी कुणी कुलूप काढील. कुणी काढले नाही. हळूहळू माझ्या भिंगांवर बुरशीचे धागे पसरले.

सहादू कधीकधी येत, लताबाईंची विचारपूस करत. "सिंधूला काय कळवू?" असे लताबाईंनी विचारले, की सहादू म्हणत, "बरा हाय म्हणून लिहा." त्यांचा आवाज दर खेपेला बारीक झालेला असे.

सिंधूताईंनी परदेशात लागणारी वर्षे भरली, परीक्षा दिली, पास झाल्या. १९८६ साली त्या रजेवर आल्या. लताबाईंनी अभिमानाने कुलूप काढले. ताईंनी मला खिडकीपाशी ठेवले, आरसा वळवला, डोळा लावला. बराच वेळ त्या वाकून राहिल्या.

"काय दिसतंय?" मागे उभ्या असलेल्या सहादूंनी विचारले.

"काही नाही, आबा. सगळं धुरकट झालंय."

"मी तर जपून ठेवलं होतं," लताबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"तुमची चूक नाही, लताबाई." ताई वडिलांकडे वळल्या. त्यांचा ढगळ झालेला सदरा आणि बसलेली गालफडे त्या प्रथमच नीट पाहत असाव्यात. "आबा, खरं सांगा. तुम्ही कसे आहात?"

सहादूंनी नेहमीचे उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. मग स्टुलावर बसत म्हणाले, "लय एकटं वाटतं गं."

सिंधूताई परत इंग्लंडला गेल्या नाहीत. त्या आता याच रुग्णालयात असतात आणि संध्याकाळी वडिलांबरोबर घरी जातात. माझी भिंगे मात्र सुधारली नाहीत. बुरशीने काच खाल्ली होती. मी खिडकीपाशी नुसता उभा असतो. माझ्यातून आता कुणी पाहत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागतो. जे आवडते ते कुलपात ठेवून जपू नका. ते वापरा, त्याला उजेड दाखवा. आणि घरातले कुणी "मी बरा आहे" म्हणाले, तर जवळ बसून पुन्हा एकदा विचारा.